पाऊण तासाचं विमान

तुरैफ
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

प्रिय सिराज,

अस्सलामु अलैकुम. मी बरी आहे. इथं सौदीच्या उत्तर टोकाला थंडीने जीव नकोसा केलाय, नळाला हात लावायची सोय नाही. तुझा गुडघा कसा आहे? फोनच उचलत नाहीस, तर कळणार कसं! म्हणून कागद घेतला.

आधी त्या विमानाचं खलास करते. त्या मेल्या वेबसाइटवर मीच बघितलं होतं: तुरैफ ते तुझं रफहा, हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पाऊण तास. मला वाटलं, वेळ दिलीय म्हणजे विमान असणारच! काझीसाहेबांना सांगून बसले, निकाहच्या दिवशी माझा भाऊ नाश्त्याला पोचेल. तिकीट काढायला गेले तर एजंट हसतोय. "मॅडम, ये तो नक्शे का हिसाब है. फ्लाइट रियाध होके." म्हणजे शेजारच्या घरी जायला आधी अख्खा गाव ओलांडा. चुकले बाबा. पण तुला आयतं निमित्त मिळालं. दिवस जातो म्हणे, रजा नाही म्हणे. आणि मेसेजच्या खाली एक ओळ: "आपा, निकाहला माझ्या जागी वकील नेम. माझी परवानगी आहे."

परवानगी आहे! मोठा आला!

आपल्यात वलीशिवाय, म्हणजे निकाह लावून देणाऱ्या बापा-भावाशिवाय, बाईचा निकाह होत नाही, मग ती विधवा असो, पोराची आई असो, नाहीतर दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत असो. अब्बा गेले, आता वली तूच. हम्मादचं स्थळ आलं तेव्हा श्रीवर्धनला चौकशी तूच केलीस, माणूस सोन्यासारखा आहे असंही तूच म्हणालास. माझा अदनान रत्नागिरीहून म्हणतो, "अम्मी, गो फॉर इट." कॉलेजातल्या पोराला कळतं आणि मामाला लाज वाटते! हो, लाजच. दुकानात चहाला बसणारी आपली माणसं म्हणतील, या वयात बहिणीचा निकाह लावून आला. म्हणू देत की.

विमान नसेल, रस्ता तर आहे ना? सरळसोट, मध्ये अरार. हे पत्र आणणारा जाफर, आमच्या लॅबमधल्या सादियाचा नवरा, दर आठवड्याला ट्रेलर घेऊन तुझ्या दुकानावरून जातो. पाइप येतात, कांदे येतात, तूच तेवढा येत नाहीस.

सिराज, माझ्या पहिल्या निकाहला तू लहान होतास. अब्बा कुवेतला होते, त्यांना रजा मिळाली नाही. त्यांच्या जागी वकील म्हणून मामू बसले. तेव्हाही सगळे म्हणाले, चालतं. चालतं रे, मला ठाऊक आहे. पण आतल्या खोलीत मी दाराकडे बघत रडत होते. अब्बांना हे कधी सांगितलं नाही, तुला आज सांगते. मला या वेळीही भीती वाटते, आणि माझं माणूस समोर हवंय.

आता नीट वाच. निकाह तुरैफला नाही, अरारला आहे. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, हम्मादच्या मित्राच्या घरी. निम्मा रस्ता मी येते, निम्मा तू ये. जाफर शुक्रवारी पहाटे रफहाहून परत निघतो, त्याच्या शेजारची सीट रिकामी असते. सांदणं करून आणतेय. तुझ्या वाटणीची कुणाला देणार नाही.

वकील मी नेमलेला नाही. तू आला नाहीस तर काझीसाहेबांना सलाम करून, आहे तशी तुरैफला परत जाईन. हम्मादला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "थांबू आपण."

अरारला दाराकडे बघत बसणारी,
तुझी शरफुन्निसा आपा