चार्ट तोंडपाठ आहे

३ मार्च, ब्योब्लिंगेन, जर्मनी, लेकीकडे
हॅम्बुर्गहून श्रीधरचा फोन. जहाजावरचा जुना सोबती, आता खलाशी भरतीच्या ऑफिसात. म्हणाला, आर्क्टिकला जाणाऱ्या रिसर्च शिपवर सहा आठवडे स्टोअरकीपर हवाय, तू आधी मेडिकल सर्टिफिकेट आण, मग बघू. म्हणजे नेमणूक झालीच! वय एकोणसत्तर. समुद्र वय विचारत नाही.

४ मार्च
उल्का म्हणाली, बाबा, आधी मोतीबिंदू काढा. पोरीला काय कळणार? तिकडे बर्फच बर्फ, सगळं पांढरं. मला आत्ताच तसं दिसतं. सवय आहे.

७ मार्च
जिन्याचा सराव. चार मजले. दुसऱ्यावर थांबलो ते दमून नव्हे, खिडकीतून फुललेलं झाड बघायला. जावई देवदत्त म्हणतो, बाबा, तिथे झाड नाहीये, टीव्हीची डिश आहे. रुक्ष माणूस.

११ मार्च
डोळ्यांची चिंता मिटली. चष्म्याच्या दुकानातला चार्ट मोबाइलवर घेतला. जगात चार्ट एकच असतो. मुंबईत शेवटच्या मेडिकलला असाच पास झालो होतो. अकरा ओळी, चौथीतल्या कवितेच्या चालीवर. बाई म्हणायच्या, पाठांतरात तुझा हात कुणी धरणार नाही. नात अन्वी जर्मनमध्ये ओरडली, ओपा, पुरे! तिलाही पाठ झालाय.

१५ मार्च, सकाळी, ट्रेनमध्ये
मेडिकलचा फॉर्म भरला. आजार: काही नाही. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, मग शुगर राहिली कुठे?

१५ मार्च, दुपारी
डॉक्टरीणबाई खट. म्हणाल्या, जहाजावर डॉक्टर नाही, हॉस्पिटल पाच दिवसांवर, चक्कर आली तर? म्हटलं, मी चक्कर येणाऱ्यातला नाही. म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, समोर भिंतीकडे बघा.
उभा राहिलो. हात मागे. अकराच्या अकरा ओळी खणखणीत. एक चूक नाही!
बाईंनी रिमोट उचलला. मग म्हणाल्या, छान म्हणता, पण बोर्ड मी अजून चालू केलेला नाही.
चालू केला, तर अक्षरंच नाहीत. नुसते गोल. प्रत्येकाला कुठेतरी फट आहे म्हणे, ती कुठे ते सांगा. मला अख्ख्या भाकऱ्या दिसल्या.
अनफिट.

१६ मार्च
श्रीधरला कळवलं, तांत्रिक अडचण, बोर्ड बंद होता. अपील करणार. उल्काने न विचारता मोतीबिंदूची तारीख घेतली, अठ्ठावीस. जाणार नाही म्हणजे नाही.
अन्वीने तसलाच गोलांचा तक्ता नेटवर शोधून फटी वाचून दाखवल्या. वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे. चाल झकास बसली. हात मागे बांधून म्हणून दाखवलं.
पोरगी कधी नव्हे ते मराठीत बोलली. आजोबा, ते दर वेळी बदलतात.
उल्काला विचारलं, अठ्ठावीसला उपाशीपोटी जायचं असतं का.