टॅमरॅकची हजेरी

टॅमरॅकचा मनोरा,
बुधवार, दुपार

प्रिय मारित,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझी आई म्हणते की माझ्या तोंडापेक्षा माझं अक्षर बरं. कुठून लिहितोय ते वर वाचलं असशीलच. होय, तुझ्याच टेबलाशी बसलोय, तुझ्याच मगातून कॉफी पितोय. खुर्चीवर तुझी उशी घेतली आहे, रागावू नकोस. त्या फळीवर दिवसभर बसण्याच्या लायकीची माझी हाडं आता राहिलेली नाहीत.

वर आलो तो तुझं सामान न्यायला. ऐन ऑगस्टात, वणव्याचे दिवस तोंडावर असताना तू पाठीवर एक पिशवी टाकून खाली उतरलीस, स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणालीस की नाही जमत, एकटं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी बस धरून स्पोकॅनला मैत्रिणीकडे गेलीस. जाताना मला सामान आणून द्यायला सांगितलंस. मी बरं म्हणालो. मनोऱ्यावर बसून वणव्यावर नजर ठेवायची ही नोकरी तुला किती हवी होती ते मला माहीत होतं. लोकांच्या पोरी घोडा मागतात, तू दुर्बीण मागितली होतीस. तरी मी बरं म्हणालो आणि गाडीत बसवून दिलं. मग जंगलखात्याच्या रेंज ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, रविवारपर्यंत जागा राखून ठेवते. सोमवारी सकाळी एक तर मारित तिथे असेल, नाहीतर झडपा लावून मनोरा यंदापुरता बंद करायचा आणि पुढच्या उन्हाळ्याला दुसरं माणूस बघायचं. तोवर तुम्ही बसाल का, तरुणपणी बदलीवर बसला होतात ना? तुझी आई पलीकडून म्हणाली, "हो म्हणा. तुमचा गुडघा इथे बसूनही कुरकुरतोच."

गेल्या शुक्रवारी चढलो. खालच्या देवदारांत अजून ओल होती, तिथपर्यंत मी स्वतःला तिशीतला समजत होतो. मग ती वळणं सुरू झाली. ही वाट ज्याने आखली त्याच्याकडे नक्कीच घोडा असणार. प्रत्येक वळणावर मी निसर्ग बघायला थांबत होतो, म्हणजे धापा टाकत होतो. हकलबेरी लगडल्या आहेत, अगदी वाटेच्या कडेने. अस्वलानेही मनसोक्त खाल्ल्या आहेत, त्याचा पुरावा वाटेवर जागोजाग पडलेला. मी मूठमूठ खात, मोठ्याने गाणी म्हणत गेलो. अस्वल दिसलं नाही, माझा आवाज त्याच्याही कानावर गेला असावा.

शिखराखालच्या झऱ्यावर नेहमीचे डबे उलटे घालून ठेवले होते. रिकाम्या हाताने वर जायचं नाही, मनोऱ्यावरच्या माणसासाठी पाणी भरून न्यायचं, ही रीत अजून सगळे पाळतात हे बघून बरं वाटलं. मीही एक डबा भरला. मग एकदम ध्यानात आलं की वर कुणीच नाही, हे पाणी मलाच प्यायचं आहे. मारित, तिथे मला फार वाईट वाटलं. डबा खांद्यावर घेऊन उरलेली चढण कशी संपली ते कळलं नाही.

तुझं सामान बांधायला घेतलं होतं. चादरीची घडी केली, पुस्तकं एका खोक्यात भरली. पण रात्री थंडी पडली, चादर उलगडावी लागली, आणि सकाळी वाटलं की पुस्तकंही असू देत. या जागेवर तुझा हात फिरलेला आहे. काचा आतून-बाहेरून लख्ख आहेत. खालच्या दऱ्यांची नावं खिडकीच्या चौकटीवर तू खडूने लिहून ठेवली आहेस, जिथली तिथे. एकटं वाटणाऱ्या माणसाची खोली अशी नसते.

तेव्हा आता ते एकटेपण बाजूला ठेवू. तू खाली का उतरलीस ते मला माहीत आहे. जुलैत त्या वादळानंतरच्या सकाळी तुला लॉस्ट स्पूनच्या घळीत धूर दिसला. तू वायरलेसवर कळवलंस. वणवे विझवणारी रोवेनाची टोळी फावडी-कुऱ्हाडी घेऊन दिवसभर झाडोरा तुडवत घळीत उतरली, एकाचा पाय मुरगळला, आणि हाती लागलं धुकं. ओल्या जंगलातून वर येणाऱ्या त्या पांढऱ्या झुपक्यांना आपल्याकडे पाणकुत्री म्हणतात, आणि नवा माणूस एकदा तरी त्यांना फसतो. फसला की त्याची टर उडवायची हीही आपल्याकडचीच रीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस सकाळी मनोऱ्यांची हजेरी घेतं तीत टॅमरॅकचं नाव आलं तेव्हा वायरलेसवर कुणीतरी भुंकलं. मग दुसरा भुंकला. सगळे मनोरे, सगळ्या टोळ्या, ऑफिस, सगळे एकाच वायरलेसवर ऐकत असताना. आणि हे एक दिवस नाही, रोज चाललं. सुरुवात कुणी केली तेही मला माहीत आहे. समोरच्या हॅचेट मनोऱ्यावरच्या डेल्बर्टने. तो मनाने वाईट नाही, पण तिथे एकट्याने बसून त्याच्या विनोदाला बुरशी आली आहे.

परवा संध्याकाळी इथे वादळ झालं. विजा इतक्या जवळ पडत होत्या की विजेपासून वाचायच्या तुझ्या त्या काचेच्या पायांच्या स्टुलावर मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो, सर्कशीतल्या अस्वलासारखा. काल सकाळी ऊन पडलं आणि लॉस्ट स्पूनच्या घळीत एक पांढरी रेघ उभी राहिली. मी दुर्बीण लावली. नकाशाच्या गोल टेबलावरची पट्टी फिरवून नेम धरला. डोळे पुसून पुन्हा बघितलं. धुकं फाटतं, विरतं, जागा बदलतं. धूर एकाच जागेवरून येत राहतो, हे मी तुला लहानपणी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. ही रेघ जागा सोडत नव्हती आणि नीट वरही चढत नव्हती. ती घळ हॅचेटवरून दिसत नाही, फक्त इथूनच दिसते, आणि तिच्या तोंडाशी नदीकाठची वस्ती आहे. वायरलेसचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. आणि मला ते दाबवेना. खरं सांगतो, मला वस्ती आठवत नव्हती, मला भुंकणं आठवत होतं. एवढं आयुष्य गिरणीत आरे चालवण्यात काढलेला माणूस मी, आणि चार लोक हसतील म्हणून अंगठा हलेना. तुझ्या वयाच्या पोरीने हे रोज सकाळी कसं सोसलं असेल, ते मला तिथे कळलं.

मग दाबलं. म्हणालो, टॅमरॅकवरून बोलतोय, लॉस्ट स्पूनमध्ये काहीतरी दिसतंय, धूर की धुकं ते मला सांगता येत नाही. मग भुंकणं आलं, आणि आवाज ओळखीचा होता. मी म्हणालो, "डेल्बर्ट, आज चंद्र कधी उगवतोय रे? आधीच सांग, म्हणजे विझवायला माणसं पाठवता येतील." तुला ही गोष्ट माहीत नसणार. पहिल्या उन्हाळ्यात त्याने डोंगरामागून वर येणारा पूर्ण चंद्र बघून मोठा वणवा लागल्याचं कळवलं होतं, आणि दोन टोळ्या निघाल्याही होत्या. हे आठवणारे आता फारसे उरलेले नाहीत, म्हणून त्याचं फावलं. वायरलेसवर इतके लोक एकदम हसले की ऑफिसातल्या बाईंना दटावावं लागलं.

रोवेनाची टोळी गेली. दुपारभर माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी ती बोलली, घळीतूनच, दम लागलेला होता. म्हणाली, धुकंच होतं, राखेचा कण नाही. मी माफी मागायला लागलो तर तिने माझं बोलणं मध्येच तोडलं. "काका, माफी नका मागू. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा धुकं निघालं, आणि दोन्ही वेळा, लंगडत का होईना, सगळे आपल्या पायांनी परत आलो. मला असाच माणूस वर हवाय, शंका आली की बोलवणारा. आणि हे सगळ्यांनी ऐका. आता पुन्हा जो भुंकेल त्याने पुढच्या खेपेला माझ्याबरोबर घळीत उतरायचं." मग तिने विचारलं, ती पोरगी कुठे आहे? आज सकाळच्या हजेरीत कुणी भुंकलं नाही. डेल्बर्टने मात्र हजेरी संपल्यावर दुसऱ्या चॅनेलवर बोलावून मला एकट्याला विचारलं, मारित माझ्यामुळे गेली का रे? मी हो म्हणालो. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची मला गरज वाटली नाही.

तुलाही खोटं सांगणार नाही. तू पाहिलंस ते धुकंच होतं, तू चुकलीस. मीही चुकलो. ती घळ पुन्हा फसवील, आणि तरी पुन्हा कळवावं लागेल. एवढंच ते काम आहे. तुला ते येतं असं मला वाटतं, आणि मी तुझा बाप आहे म्हणून वाटत नाही.

स्पोकॅनचं एक जोडपं मघाशी वर आलं. मनोऱ्यावरच्या मुलीसाठी म्हणून त्यांनी पीच आणले होते, खालून हातात धरून, एकही न चेपता. जूनमध्ये तू त्यांना दुर्बिणीतून त्यांच्या गाडीचा टप दाखवला होतास म्हणे. मला बघून दोघांचीही तोंडं उतरली. पीच मीच खाल्ले. पत्र तेच नेऊन टाकणार आहेत, आणि ते पायऱ्यांवर वाट बघत बसलेत म्हणून आता आवरतो.

हे सगळं मला कसं माहीत, असं तुझ्या मनात आलं असेल. मे महिन्यात तू वर गेलीस त्याच दिवशी मी वायरलेस ऐकायची जुनी पेटी शोधून स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवली. तिच्यावर बोलता येत नाही, फक्त ऐकू येतं. रोज सकाळी हजेरीच्या वेळी मी कॉफी घेऊन तिच्याखाली बसतो. तुझी आई ऐकत नसल्याचं सोंग करून भांडी घासते, पण टॅमरॅकचं नाव पुकारलं की नळ बंद करते. तू "टॅमरॅक हजर, कुठे धूर नाही" म्हणालीस की नळ पुन्हा सुरू. तुला सांगितलं नाही, कारण आईबाप कान लावून बसलेत म्हटल्यावर तुला ते आवडलं नसतं. ते भुंकणं आम्ही दोघांनी तिथेच ऐकलं. पुढे पुढे आपलं नाव आल्यावर तुझं उत्तर यायला वेळ लागायचा, तेही ऐकलं, आणि त्या पेटीवरून तुला काही सांगता येत नव्हतं. म्हणून हे पत्र. मी रविवारी उजाडताच उतरतो. तुला यायचं असेल तर आम्हाला कळवू नकोस, घरीही येऊ नकोस, ऑफिसात फोन कर, ते तुला दुपारी पायवाटेशी सोडतील. सोमवारी सकाळी टॅमरॅकचं नाव पुकारलं जाईल. उत्तर आलं नाही तर मी एका शब्दाने विचारणार नाही, पुन्हा वर येऊन तुझं सामान उतरवीन आणि स्पोकॅनला आणून देईन. पण मला तुझा आवाज ऐकायचा आहे, मारित. तुझी आई नळ बंद करून उभी असेल.

तुझाच,
बाबा