जिन्यावर सांगितलेलं वाक्य

थेअर बाग, मॅसॅच्युसेट्स
२७ नोव्हेंबर १९७३

प्रिय डेलिया,

तू खुशाल असशील. गुडघा कसा आहे? आम्ही इथे ठीक. पहिला बर्फ पडून वितळलासुद्धा. मागच्या उतारावरची सफरचंदाची कोवळी झाडं यंदा हरणांनी सोलून काढली. कुंपणावर एक पैसा घालणार नाही असं एव्हरेटने जाहीर केलं, आणि मग गुपचूप जाळी घेऊन आला. तू पाठवलेला क्रॅनबेरीचा मुरंबा पोचला. माझ्या नणंदेला, बर्निसला, तो इतका आवडला की ती बरणीसकट घेऊन गेली. बरणी परत मिळेल अशी आशा धरू नकोस.

आपला शब्दकोशही छापून पोचला. मी नोकरी सोडून दोन वर्षं झाली, पण एव्हरेटच्या लेखी तो सगळा मीच लिहिला आहे. हात धुऊन त्याने तो उघडला आणि संपादकांमध्ये माझं नाव सापडेपर्यंत कोणाला शिवू दिला नाही. थँक्सगिव्हिंगचं जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला त्याने तू लिहिलेली ‘रन’ शब्दाची नोंद काढली, सगळ्यांत लांब म्हणून. नाक वाहतं ते रन, पायमोज्याची वीण सुटते ते रन, कापडाचा रंग जातो, दुकान चालतं, नदी धावते, माणूस निवडणुकीला उभा राहतो, सगळं रन. बर्निस म्हणाली की एवढ्या कामांना एकच गडी जुंपलाय, त्याला पोटभर जेवायला तरी घालता का. सगळे खूप हसले. एवढ्याशा शब्दामागे तू दीड वर्ष बसली होतीस हे मी सांगितलं, तर कोणाला खरं वाटेना.

कोश निघाल्याच्या आठ तारखेच्या मेजवानीला मला येता येणार नाही. एव्हरेटची पाठ धरली आहे. माझ्या वतीने सगळ्यांना नमस्कार सांग.

एक विचारायचं होतं. त्या नोंदीतली उदाहरणाची वाक्यं तूच निवडलीस ना, की शेवटच्या तपासणीत कोणी बदलली? सहज विचारते.

तुझी,
विनी


थेअर बाग
१४ डिसेंबर

डेलिया,

तुझं पत्र मिळालं. एव्हरेटची पाठ ठणठणीत आहे. ती थाप होती आणि तू ती ओळखलीस, म्हणजे मी काय विचारत होते तेही तुला पहिल्या ओळीपासून कळलं होतं. तरी चार पानं लिहून तू मुद्द्यावर तिसऱ्या पानात आलीस.

थँक्सगिव्हिंगला सगळे हसले, इथपर्यंतच मी तुला लिहिलं होतं. पुढचं आता लिहिते. एव्हरेट वाचत वाचत ‘चोरून पार नेणे’ या अर्थापाशी आला आणि त्याच खड्या आवाजात त्याने वाचलं, ‘सफरचंदांच्या ट्रकात बसवून तिने मुलाला सीमेपार नेलं.’ पुढचा अर्थही वाचला. मग थांबला, मागे गेला, आणि ते वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं. मी बशा गोळा करत होते. त्याने चष्मा काढून मिटला आणि तो गोठ्याकडे निघून गेला. बर्निसने मला हळूच विचारलं, त्याला टर्की बाधली का.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण ते केवढं होतं याचा तुला विसर पडलेला दिसतो. चार वर्षांपूर्वी आमच्या लायलला व्हिएतनामसाठी सैन्याचं बोलावणं आलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. एव्हरेट स्वतः पॅसिफिकमध्ये लढून आलेला माणूस. मुलगा वसतिगृहातूनच परस्पर कॅनडात पळाला, बापाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला. आमच्या टेबलावर लायलचं नाव निघत नाही. आणि त्याच ऑक्टोबरात रस काढायची सफरचंदं घेऊन मी क्वीबेकला मावशीकडे ट्रक नेला होता, तो लायलला वाटेत शेजारी बसवून. हे तिघांना माहीत होतं. मी, लायल आणि तू.

आपल्या कचेरीत बोलायला बंदी. काही सांगायचं तर चिठ्ठी लिहायची आणि टेबलावर ठेवायची. म्हणून तर आपण दोघी डबा घेऊन मागच्या जिन्यावर बसायचो. आणि प्रत्येकीच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बसमध्ये, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानाबाहेर कोणी चांगलं वाक्य बोललं की टिपून घ्यायचं, ही आपली खोडच. पण जिन्यावरचं जिन्यावर, हे आपलं ठरलं होतं आणि ते तूच ठरवलं होतंस. मी रडत होते तेव्हा तू माझा हात धरून बसली होतीस. मग वर गेलीस आणि चिठ्ठी लिहिलीस. त्याच दुपारी लिहिलीस की दुसऱ्या दिवशी? मला हे खरंच जाणून घ्यायचं आहे.

तू लिहितेस की त्या अर्थाला पुरावा हवा होता. हाताशी होती ती सगळी वाक्यं दारूची आणि बंदुकांची, माणूस पार नेल्याचं एकही नव्हतं. तू मला त्या शब्दाचं मूळ पुन्हा समजावून सांगतेस. दोन जुने शब्द एक झाले, एक स्वतः धावणाऱ्याचा, दुसरा दुसऱ्याला धाववणाऱ्याचा, त्यात समुद्रापलीकडच्या खलाशांनी आपला तिसरा मिसळला, आणि या दुसऱ्याचा वंश आजही जिवंत आहे हे माझ्या वाक्याने किती सुंदर दिसलं. असेल. माझ्याहून चांगलं हे कोणाला कळणार? पण डेलिया, ते मी तुला पुरावा म्हणून सांगितलं नव्हतं.

नाव तर घातलं नाही, असं तू दोनदा लिहिलं आहेस. नाव नाही घातलंस. सफरचंदं घातलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हरेट घरात आला. तो ओरडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तो ओरडला नाही. म्हणाला, “तू त्याला नेलंस, ते मी समजू शकतो. आई आहेस. पण चार वर्षं माझ्यासमोर बसून जेवलीस, आणि सांगितलंस त्या बाईला.” तुला सांगितलं, कारण तुझ्या पोटात राहील असं वाटलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. त्यानंतर तो माझ्याशी लाकडं आणि गाईगुरं सोडून काही बोलत नव्हता.

आता तू म्हणतेस की पुढच्या छपाईत वाक्य बदलता येईल. मात्र पानातल्या ओळी हलू नयेत म्हणून नवं वाक्य अक्षराला अक्षर तेवढ्याच लांबीचं हवं, आणि ते मीच सुचवलं तर तुझ्या मनाला बरं वाटेल. तू अजून जागाच मोजते आहेस. आणि मी तरी काय, हाताला वळण लागलेलं, पेन्सिल घेऊन बसलेच. दारूची पिंपं घातली, तर चार अक्षरं जास्त. बंदुका घातल्या, तर दोन कमी.

परवा मी अशी मोजत बसले असताना एव्हरेट कॉफीला आत आला. मी काय करते म्हणून विचारलं. तीन आठवड्यांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्यानेच सगळं वाचलं.

“काढू नको म्हणावं,” तो म्हणाला.

मी विचारलं, का?

“या देशात पाऊल ठेवलं तर पकडतील त्याला. त्या पुस्तकात तरी राहू दे.”

मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारलं की त्या दिवशी ट्रकात लायल काय काय बोलला. मी सांगू लागले. वाटभर तो एकच विचारत होता, बाबांना भेटून जाऊ का, आणि मी नको म्हणत होते. तेही सांगितलं. कॉफी तशीच राहिली. एव्हरेटने तोंडावर हात धरला होता आणि तो मला थांबवत नव्हता.

तेव्हा वाक्य राहू दे. छापखान्याला काही कळवू नकोस. ते राहतं आहे ते लायलसाठी, त्याच्या बापाच्या शब्दावरून. यात तुला माफी मिळाली असं समजू नकोस. कदाचित एव्हरेट तुला माफ करेल, तो माझ्याहून मोठ्या मनाचा आहे हे मला परवा कळलं. माझ्याने होणार नाही. मी तुझ्यावर बहिणीसारखी माया केली, आणि म्हणूनच होणार नाही.

पत्र लिहू नकोस, नाताळचा मुरंबा पाठवू नकोस. लायल कधी काळी या घरात परत आलाच, तर ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल.

विनिफ्रेड थेअर