सुईची वेळ

सोमवार, ३ तारीख

एकदाचं मनासारखं घर मिळालं. भाड्याचं आहे, पण स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत, ओटा माझ्या उंचीचा आहे आणि मालकांनी जुना फ्रिज इथेच ठेवलाय, म्हणजे तेवढा खर्च वाचला. आधी इन्सुलिनची पेनं त्यात ठेवली, मग बाकीचा संसार लावला. सातवीत असल्यापासून मला हा मधुमेह आहे. गोळ्यांनी भागणारा नव्हे. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून प्रत्येक जेवणाआधी त्या पेनाने टोचायचं आणि झोपताना वेगळं. लोकांना कीव येते, मला ते दात घासण्यासारखं वाटतं.

संध्याकाळी दिवा लावला. देवाच्या मागे आधीच पुष्कळ कामं, म्हणून म्हटलं घरालाच सांगावं. हात जोडून मोठ्याने म्हणाले की बाकी सगळं मी बघेन, तू फक्त माझ्या सुईची वेळ चुकू देऊ नकोस. सासूबाई म्हणाल्या, वास्तू तथास्तु म्हणत असते, मागायचंच होतं तर बंगला तरी मागायचास! सगळे पोट धरून हसलो.

शनिवार, ८

दुपारी नेहमीप्रमाणे टोचून जेवले, तरी तासाभरात हातपाय कापायला लागले. मशीनवर पाहिलं तर साखर बावन्न. खोकी उचलली म्हणून असेल. साखरेचं पाणी करून प्यायले. सासूबाईंनी नेमकं तेवढंच पाहिलं. म्हणाल्या, चोराच्या हाती किल्ल्या! त्यांना विसाव्यांदा समजावलं की साखर चढली तर रोग, पण उतरली तर साखर हेच औषध. त्यावर त्या म्हणाल्या, आमच्या वेळी रोगाला एकच तोंड असायचं.

बुधवार, १२

या पाच दिवसांत तीनदा साखर उतरली. आणि रविवारपर्यंत पुरायला हवं ते पेन आजच संपलं. मीठसुद्धा किती दिवस पुरेल ते सांगू शकणारी मी, माझा हिशेब चुकेल? ह्यांचं म्हणणं, मी एकदा टोचते, विसरते आणि पुन्हा टोचते. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. घरी येताना हे सासूबाईंना फोनवर म्हणाले की वय झालंय तिचं. माझं!

शनिवार, १५

दुपारी जेवणाआधी भांडी घासत होते. दोन्ही हात फेसात. मागे फ्रिजपाशी टिक टिक वाजलं. डोस लावायला पेनाची चकती फिरवताना वाजते तसं, एका युनिटला एक टिक. अवघं आयुष्य तो आवाज ऐकलाय, माझा कान फसायचा नाही. दहा वेळा वाजलं आणि थांबलं. माझा दुपारचा डोस दहाच युनिटचा असतो.

मग उजव्या दंडाला मागून गार टोचलं. मी फक्त पोटावर घेते, तिथे माझा हात पोचतच नाही. वळून पाहिलं. कुणी नाही. फ्रिज बंद.

ह्यांना जागा दाखवली. म्हणाले, डास चावला. मग त्या जागेला औषधाचा वास कसा येतो, विचारलं. ते वर्तमानपत्र वाचू लागले.

रविवार, १६

सगळी पेनं शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. जेवणाच्या वेळी जाऊन टोचून येते. सासूबाई म्हणाल्या, आता औषधही परक्यांकडे जेवायला लागलं.

दुपारी परत आले. माझ्या फ्रिजचा कप्पा रिकामा.

तरी टिक टिक वाजलं. तरी टोचलं.

मंगळवार, १८

सासूबाईंनी साखर, गूळ, बिस्किटं सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणे मी चोरून गोड खाते आणि मग सोंगं करते. हे म्हणाले, आई तुझ्याच भल्याचं करते आहे.

माझ्या भल्याचं! रडले. भांडले. कुणी ऐकेना. शेवटी ओट्यावर डाव आपटला आणि म्हणाले, नको ते टोचणं आणि नको ते मोजणं, यातून एकदाची सुटका कर माझी.

बोलून गेले आणि लाजही वाटली. दिवा लावून देवाची क्षमा मागितली.

त्यानंतर घर एकदम शांत. आज एकदाही मागून टोचलं नाही. देव पावला म्हणायचं.

बुधवार, १९. सकाळ

रात्रही सुखाची गेली. हे आणि सासूबाई नात्यातल्या लग्नाला गेले, संध्याकाळी येतील. शिक्षिकाबाई शाळेत. किती दिवसांनी अशी निवांत—

टिक टिक सुरू झालं.

दहा. थांबलं नाही. वीस. तीस. मी कधी इतकं घेतलं नाही— पेन साठाच्या पुढे फिरत नाही.

साठ.

टोचलं. दंडाला.

ह्यांना फोन केला. म्हणाले, साखरेसाठी हे नवीन नाटक, संध्याकाळी बोलू. ठेवला.

कुलूप लाटण्याने फोडायला गेले. तुटत नाही. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. भात आहे, पण तो अंगी लागायला वेळ—

खातेय. घास गिळवत नाही. घाम.

काल मी ओट्यापाशी सुटका मागितली. देवाशी नव्हते बोलत. क्षमा मागितली ती देवाची. या वास्तूची नाही.

घरा, मागणं मागे घेते— ऐक— मागे—

हिला एकच शब्द येतो. तथास्तु.

दारापर्यंत— पाय माझे नाहीत—

पुन्हा पहिल्यापासून वाजतंय. एक. दोन. ती—