दरजांतली वाळू

घरून,
रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय टूवे,

सकाळी गवतावर दव गोठलं होतं. दहानंतर ऊन आलं, दगड सुकले. दुपारपर्यंत पायवाटेच्या दगडांमधल्या दरजा भरून झाल्या. शेजारचा एव्हर्ट त्याचं ठोकायचं यंत्र घेऊन आला होता. जेवायला उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा. आता कॉफी झाली आहे आणि लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेली पोती पोचली. गुरुवारी घराचे फोटो काढायला दलाल येणार, त्याआधी वाट नीटनेटकी दिसावी, हा तुझा हेतू समजला. पण ती वाळू मी वापरली नाही. पाणी मारलं की घट्ट होणारी वाळू आहे ती. पोत्यावरच लिहिलंय की दगड कोरडे हवेत आणि नंतरही हवा उबदार हवी. इथे आता रात्री ऊब कुठली? समजा, नीट बसली असती, तरी जानेवारीत जमीन गोठून फुगते आणि दगडांना वर उचलते. तेव्हा ती तडकली असती. तडकलेल्या जागी पाणी शिरतं, तेही गोठतं, आणि मग सगळी वाटच उखडते. तुमच्या माल्मोत चालत असेल. मेल्करला म्हणावं, जावईबुवा, वाईट वाटून घेऊ नकोस, तू निवडलेली पोती ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवली आहेत. त्या कामाला उत्तम आहेत.

स्वयंपाकघराच्या दारापासून तळ्याकाठच्या सौनाच्या न्हाणीघरापर्यंत तुझ्या आईनं ही वाट घातली, तेव्हा मीही म्हटलं होतं की सरळ सिमेंट ओतू या, कटकट मिटेल. माझी गुनवोर म्हणाली, "थंडीत तू अंग चोरतोस, वसंतात आळस देतोस. मग दगडांनीच काय घोडं मारलंय?" मुलांच्या खेळायच्या जागेतली वाळूही तिनं नाकारली. गोल दाण्यांची वाळू, मुंग्यांनी हां हां म्हणता उपसली असती. तिला ग्रॅनाइटची कच हवी होती. तिच्या दाण्यांना कोन असतात, ते एकमेकांत अडकून बसतात. शिवाय भुकटी कमी हवी, कारण भुकटी पाणी धरून ठेवते. दुकानातच ती मूठभर कच पाण्याच्या बरणीत टाकून ढवळायची आणि पाणी चटकन निवळलं तरच घ्यायची. दुकानदार तिला पाहून आधीच बरणी काढून ठेवायचा.

दर वसंतात जमिनीतला बर्फ सुटला की ती रिकाम्या झालेल्या दरजा पुन्हा भरायची. यंदा बर्फ सुटला त्याच आठवड्यात आपण तिला चर्चमागे ठेवून आलो. वाट तशीच राहिली. उन्हाळाभर दगड पावलाखाली डुगडुगत होते.

आज यंत्र सुरू करताना एव्हर्टनं विचारलं, "काय हेल्गे, विकायच्या घराला पावडर लावतोस होय?" मी कच झाडत राहिलो. तिरकं झाडावं लागतं, नाहीतर खराटा भरलेलंच बाहेर काढतो. दगडांना तडे जाऊ नयेत म्हणून यंत्राखाली रबर लावलंय ना, असं विचारलं, तर त्यानं नुसता श्वास आत ओढला. आपल्याकडचा 'हो' एवढाच. पहिल्या भेटीत मेल्करला वाटलं होतं की मला दमा आहे, आठवतं? ठोकल्यावर कच खाली गेली, पुन्हा भरली, पुन्हा ठोकली. एव्हर्ट घाम पुसत म्हणाला, "आता कुणाच्या बापाच्यानं हलणार नाही." मी म्हटलं, "हलेल. हलायलाच हवी." तो म्हणाला, "ही गुनवोर बोलली की तू?"

टूवे, गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "बाबा, तिथं एकट्यानं काय करशील? घर विकू या आणि उमेओत फ्लॅट बघू या ना?" तेव्हा मी आईचा कामाचा कोट खुंटीवरून काढत होतो. खिशात तिचा हातमोजा होता. बोटांमध्ये अजून कच होती. माझा श्वास आत ओढला गेला. तू म्हणालीस, "बरं झालं बाबा, मग मी दलालाशी बोलते." इतकी वर्षं माल्मोत काढूनही तुझे कान इथलेच राहिले, याचा मला आनंद आहे. पण तो 'हो' नव्हता. तो नुसता श्वास होता. फोनवर मी पुन्हा गप्प बसलो असतो, म्हणून लिहून कळवतो: घर विकायचं नाही. दलालाला तसं सांग. तरीही तो आला, तर त्याला कॉफी मिळेल, फोटो मिळणार नाहीत. या हिवाळ्यात दगड वर येतील, वसंतात खाली बसतील, आणि जिथे कच कमी पडेल तिथे मी भरेन. तू भरायला ये. मेल्करलाही आण. मघाशी मी दारात उभं राहून 'नाही' मोठ्यानं म्हणून पाहिलं. त्याला श्वास बाहेर सोडावा लागतो. जमलं. थोडी कच मुद्दाम वाटेवर पसरून ठेवली आहे, ती हळूहळू दरजांत उतरेल. सौना तापत आला असेल. जाताना खराटा एकदा फिरवतो आणि तसाच तळ्याकडे उतरतो.

तुझाच,
बाबा