ऊन पाण्याची खोली

आई, परवा आमच्या हॉस्पिटलात नर्सेससाठी एक खोली उघडली. खोली कसली, चादरी ठेवायची जुनी जागा. तिथं गीझर बसवला, दाराला आतून कडी लावली, एक बाक टाकलं. वॉर्डात कोणी दगावलं की त्या पेशंटजवळ असलेल्या नर्सनं अर्धा तास तिथं जायचं, अंगावर ऊन पाणी घ्यायचं, मगच पुढच्या पेशंटकडे वळायचं. मी इथली नर्सिंग सुपरिंटेंडेंट, म्हणून फीत माझ्याच हातून कापवली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला मैलापूरच्या आपल्या घराचं मागचं दार दिसत होतं.

त्या मागच्या दारानंच मी यायचं, असा तुझा दंडक. आपल्या तंजावरी गोतावळ्यातली पहिली नर्स मी, तीही बाबा गेल्यावर नाइलाजानं झालेली. माझा पगार घरात चालायचा, माझं हॉस्पिटल चालायचं नाही. ड्यूटीवरून आले की तू अंगणात हात आडवा करून उभी. "थांब. कशास शिवूं नको. ऊन पाणी काढलें आहे, अगोदर स्नान कर." कधी माझा चेहरा पाहूनच तू शिकेकाईही काढून ठेवायचीस, म्हणजे आज डोक्यावरून. मग न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून विचारायचीस, "कोण गेलें आज? बाई कीं पुरुष? लेकरें आहेत कां?" मी उत्तर देत नसे. विटाळ किती मोठा ते तू मोजते आहेस असं वाटून मी मुद्दाम तांब्या आपटायचे.

एकदा शेजारच्या मामी ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "शिकलेली मुलगी, टीचर तरी व्हायचं होतंस." तू माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाहीस. नुसती मागून यायची खूण केलीस. माझ्या नाकावर राग तर जन्मापासूनचा. मी त्यांच्यादेखत म्हटलं, "मेलेल्यांना हात लावते म्हणून मी मेलेली नाही, आई." आणि ट्रंक भरून हॉस्टेलवर राहायला गेले. निघताना तू म्हणालीस, "तिकडे ऊन पाणी कोण काढील गे तुला?" मी तो टोमणा समजले. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस, आणि गेलीस तेव्हा मी ड्यूटीवर होते.

हॉस्टेलात मला कोणी अडवलं नाही. कोवलमची एक मासे विकणारी बाई माझ्या वॉर्डात होती, मला लाडानं "कण्णू" म्हणायची, बरी झाले की वंजरम मासा आणून देईन म्हणायची. ती भर दुपारी गेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "चादर बदल, नवीन पेशंट खाली थांबलाय." मी चादर बदलली आणि सरळ मेसमध्ये जाऊन रसमभात जेवले. कोण गेलं, हे कोणी विचारलं नाही. असे कितीतरी दिवस एकावर एक साचत गेले. पेशंटवर खेकसायला लागले, तर लोक म्हणाले, सिस्टर शिस्तीची आहे. त्याच शिस्तीवर मी वर चढत गेले.

मग या वर्षी आमच्या आयसीयूतल्या एका मुलीनं राजीनामा आणून दिला. चांगली नर्स, घरी तान्हं मूल. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथून घरी गेले की बाळाला उचलायला हात पुढं होत नाहीत." त्या सकाळीच तिच्या हातात एक पेशंट गेला होता. मी तिला एका रिकाम्या स्पेशल रूमच्या बाथरूममध्ये पाठवलं, गीझर लावून दिला आणि बाहेर उभी राहिले. तोंडातून निघालं, "कोण गेलं गं? मुलंबाळं आहेत का त्यांना?" नळ बंद झाला. आतून ती बोलायला लागली, रडत रडत, कितीतरी वेळ. राजीनामा तिनं संध्याकाळी परत नेला.

आई, तू हे सगळं माझ्या मनासाठी करत होतीस असं मी आता म्हणणार नाही. तुझं सोवळं कडक होतं आणि त्याचा मला त्रास झाला, तो झालाच. पण लेकरं आहेत का, हे विचारायला कुठलंच सोवळं सांगत नाही. ते तू तुझ्या मनानं विचारत होतीस. एकदा तरी उत्तर द्यायला हवं होतं मी. फार वाईट वाटतं त्याचं.

खोलीसाठी मीटिंग झाली तेव्हा मॅनेजर आधी हसले. "ड्यूटीवर आंघोळ, मॅडम? पेशंटचे नातेवाईक काय म्हणतील?" मग विचारलं, ही कल्पना कुठली. तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "फॉरेनच्या मोठ्या हॉस्पिटलांत असं करतात." लगेच माना डोलल्या, मंजुरी मिळाली. पिकतं तिथं विकत नाही, हे मला ठाऊक होतं, खोली मिळायला हवी होती, हे सगळं खरं. पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं मी खोडून टाकलं असतं. तुला माझ्या कामाची लाज वाटते असं मी जन्मभर म्हणत आले. त्या मीटिंगमध्ये मला तुझी वाटली.