तेरा तासांचा उजेड

६ मार्च, गुरुवार

आज मी खोटं बोलले. बोलले असंही नाही — गप्प बसले. ते जास्त वाईट.

दवाखान्यातली माशांची टाकी. दात दाखवायला आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो आणि मग जरा कमी घाबरतो. तीन फुटी टाकी, आत दगडांना बांधलेली जाड पानांची झाडं. सहा वर्षं ती मावशींनीच सांभाळली — लादी, कचरा, कपबशा आणि टाकी. आज पाणी पालक उकळल्यासारखं हिरवं. पानांवर केसांसारखं शेवाळ. दोन मासे मेलेले.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, पाण्यात काही पडलं का तुमच्या हातून? फिनेल वगैरे?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी अपॉइंटमेंटची वही उघडली. उद्याचं पान. कोरं होतं, तरी वाचत राहिले.

"उद्यापासून टाकीकडे मॅडम बघतील."

मॅडम म्हणजे मी!

७ मार्च, शुक्रवार

इथे तरी खरं लिहू.

दिवा मी बदलला. महिन्यापूर्वी. मावशींची जुनी ट्यूब मला कळकट वाटायची. डॉक्टरांना म्हटलं, मला यातलं कळतं. काय कळतं? दोन व्हिडिओ पाहिले होते! माशांच्या दुकानातला तो चष्मा लावणारा माणूस विचारत होता — झाडं कोणती, पाणी किती खोल, दिवा किती तास लावता? मी म्हटलं, "सगळ्यात जास्त उजेडाचा द्या."

आणि सकाळी आठ ते रात्री नऊ लावला. तेरा तास. येणारे वाहवा करायचे ना.

मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "ताई, एवढा उजेड नाही सोसायचा त्यांना. झाडं आहेत ती, दुकान नव्हे."

मी काय म्हटलं? "मावशी, यामागे शास्त्र असतं." लिहितानाही कान तापले.

८ मार्च, शनिवार

मावशींनी चहा आणून ठेवला. रोजच्यासारखा, माझी साखर कमी. पिववला नाही.

१० मार्च, सोमवार

पिशवीत दोन पानं घेऊन दुकानातल्या त्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याने पान उजेडात धरलं, नखाने शेवाळ खरवडलं.

"ही सावलीतली झाडं. हळू वाढतात. त्यांना जेवढा उजेड खाता येतो तेवढाच द्यायचा. उरलेला शेवाळ खातं." म्हणाला, दिवा झाडं बघून घ्यायचा, खोलीची शोभा बघून नाही. कमी-जास्त करता येईल असा घ्या, वीतभर वर टांगा, सहा-सात तास पुरे. टायमर लावा, माणसावर सोडू नका. मग म्हणाला, "आधी कोणता होता?"

"साधी ट्यूब. सहा-सात तास."

"मग बरोबर चाललं होतं की! बदलला कुणी?"

"आमच्या मावशींनी," मी म्हटलं.

हे मात्र तोंडाने बोलले. कुणी गळा धरला नव्हता. ज्याला मावशी कोण ते माहीतही नाही, त्याच्यापुढे!

१२ मार्च, बुधवार

नवा दिवा टांगला. निम्म्या उजेडावर ठेवलाय, दुपारी दोन ते आठ. पेशंटना फुकट देतो त्यातल्या ब्रशने एकेक पान घासलं. दवाखान्यात सगळ्यात स्वच्छ दात आता झाडांचे.

विनोद सुचतोय मला. लाज नाही.

असं का केलं, हे शोधतेय. एकेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. हे म्हणाले होते, "जमेल का तुला?" त्यात वाईट काही नव्हतं, पण ते 'का' माझ्या डोक्यात बसलं. चुकले म्हणायची सोयच ठेवली नाही मी स्वतःला. पण म्हणून मावशी?

२० मार्च, गुरुवार

पाणी नितळ. एका झाडाला नवं पान — नखाएवढं, कोवळं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमच्या हाताला गुण आहे."

मावशी लादी पुसत माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. फडक्याला वाट द्यायला मी पाय वर घेतले. तशीच बसून राहिले, पाय अधांतरी, आणि "थँक यू सर" म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

मावशींना सांगितलं. चहाच्या खोलीत, त्या कपबशा विसळत होत्या.

"मावशी, ते सगळं दिव्यामुळे झालं. माझ्यामुळे."

"माहीत आहे की. काच मीच पुसत होते ना."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." कप उपडा घातला. "मला काय सांगताय ताई? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

२५ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं. डॉक्टरांना वेळ नव्हता. — खोटं. अर्धा तास मोकळे होते. वर्तमानपत्र वाचत होते.

२६ मार्च, बुधवार

सांगितलं.

डॉक्टर हसले. "अहो, एवढंच ना? झालं गेलं. टाकी छान दिसतेय, तुमच्याकडेच राहू दे."

मी म्हटलं, टाकी मावशींचीच आहे, त्यांना परत द्या. तेव्हा ते हातमोजे काढत बसले. एकेक बोट.

"मावशींना मी एक तारखेपासून येऊ नका म्हटलंय. म्हटलं वय झालं, लक्ष राहत नाही. त्या फिनेलनंतर..."

"फिनेल नव्हतंच, सर!"

"ते आज सांगताय तुम्ही."

कधी सांगितलं त्यांना? तर म्हणे दहा-बारा दिवस झाले. म्हणजे परवा कपबशा विसळताना त्यांना ठाऊक होतं. चकार शब्द नाही काढला.

मी म्हटलं, त्यांना आत्ता बोलवा. मावशी आल्या, हात पदराला पुसत. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेरा तास. कोरी वही. दुकानात घेतलेलं त्यांचं नाव — तेही.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. एक तारखेला या."

मावशी म्हणाल्या, "बघते."

१ एप्रिल, मंगळवार

मावशी आल्या. बाहेर जायचं पातळ, खांद्याला पिशवी. पेशंटच्या खुर्चीत बसल्या — सहा वर्षांत पहिल्यांदा. कोणतं झाड कधी छाटायचं, मासे खाईनासे झाले की काय बघायचं, सगळं मला लिहून घ्यायला लावलं. दोनदा वाचून घेतलं. मग उठल्या.

"दुसरीकडे लागले मी, ताई. तिथं टाकी नाही."